राजकीय उपहासाची श्रुतिका: विषय निवडण्यापासून ध्वनिमुद्रणापर्यंत

श्रुतिकेतून, म्हणजे नुसतं ऐकायच्या नाटकातून, राजकीय उपहास करायचा म्हटलं की बहुतेक गट आधी नकलाकार शोधायला निघतात. एखाद्या बड्या नेत्याचा आवाज हुबेहूब काढणारा कलाकार मिळाला की निम्मं काम झालं असं त्यांना वाटतं. माझं मत उलट आहे. नक्कल दोन मिनिटं हसवते. त्यानंतर ऐकणारा आवाज किती जुळतोय तेच तपासत बसतो आणि त्या माणसाने सत्तेत बसून काय केलं हे बाजूला राहतं.

श्रुतिकेचं खरं बळ दुसरीकडे आहे. पात्र तोंडाने एक सांगतं आणि त्याच क्षणी मागचा आवाज दुसरंच सांगतो. ‘गावाला मुबलक पाणी आहे’ हे वाक्य आणि कोरड्या नळातून सुटणाऱ्या हवेचा फुसकारा एकदम कानावर पडला, की लेखकाला पुढे काही बोलावं लागत नाही. निष्कर्ष ऐकणाराच काढतो आणि स्वतः काढलेला निष्कर्ष तो सहजी सोडत नाही. या लेखातल्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

हौशी नाट्यगट, महाविद्यालयांतली मंडळं, पॉडकास्ट करणारी मुलं आणि सामुदायिक रेडिओवर काम करणारे कार्यकर्ते यांना समोर ठेवून मी हे लिहितो आहे. उदाहरण एकच घेतो: ‘तहकूब’ नावाची पंधरा मिनिटांची श्रुतिका. गाव काल्पनिक आहे, प्रसंग काल्पनिक आहेत, नियम मात्र खरे आहेत.

आधी ठरवा: ही वाजणार कुठे?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि मग सगळी संहिता नव्याने लिहावी लागते. आकाशवाणीची प्रसारण संहिता स्पष्ट आहे. राजकीय पक्षाचं नाव घेऊन केलेला हल्ला, राज्य किंवा केंद्र सरकारवरची वैरभावाची टीका, धर्मावर किंवा समाजावर आघात, बदनामीकारक मजकूर, न्यायालयाचा अवमान, राष्ट्रपती, राज्यपाल आणि न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे, यांतलं काहीही तिथे चालत नाही. सामुदायिक रेडिओचं धोरण २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी आलं आणि २००६ मध्ये ते सामाजिक संस्थांनाही खुलं झालं. तिथेही हीच प्रसारण संहिता लागू आहे, शिवाय राजकीय स्वरूपाच्या बातम्या आणि चालू घडामोडींना परवानगी नाही. खासगी एफएम वाहिन्यांवरही बातम्यांच्या बाबतीत निर्बंध आहेत. पॉडकास्ट किंवा संकेतस्थळावरचं ध्वनिमुद्रण या परवान्यांच्या चौकटीत येत नाही. देशाचे सर्वसाधारण कायदे मात्र तिथेही लागू असतात.

म्हणून संहिता लिहिण्याआधी एका ओळीत ठरवा: ‘सामुदायिक रेडिओसाठी’ की ‘पॉडकास्टसाठी’. सामुदायिक रेडिओसाठी असेल तर विषय कारभाराच्या पद्धतीचा ठेवा, पक्षांचा नको, आणि कच्ची संहिता केंद्रचालकांना सुरुवातीलाच वाचून दाखवा.

बंधनं आली म्हणजे उपहास संपला असं मानू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये युद्धकालीन सेन्सॉरशिप होती. त्याच काळात बीबीसीवर ‘इटमा’ हा विनोदी कार्यक्रम चालला, १९३९ ते १९४९. त्यात टॉमी हँडली हा विनोदी नट एका काल्पनिक खात्याचा मंत्री झाला होता. ‘मिनिस्ट्री ऑफ अ‍ॅग्रव्हेशन अँड मिस्टरीज’, म्हणजे लोकांना वैताग देणारं आणि सगळं गूढ ठेवणारं मंत्रालय. फॉर्म, बंदी-हुकूम, परिपत्रकं यांनी त्रासलेल्या प्रत्येक घराला ते खातं ओळखीचं वाटलं. खऱ्या मंत्र्याचं नाव घ्यायची गरजच पडली नाही.

आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ने वेगळी वाट धरली. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरात बसून गप्पा मारायचे आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी त्या गप्पांत यायच्या. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज एका पिढीच्या घरातले होऊन गेले. सौम्य सुरात, नात्यातल्या माणसांच्या तोंडून आलेली तक्रार कधीकधी भाषणापेक्षा खोल जाते. ही परंपरा हाताशी असताना आपण नुसत्या नकलांवर अडकून पडावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विषय: माणूस नको, व्यवहार पकडा

‘नेते भ्रष्ट आहेत’ हा विषय नव्हे. तो ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे आणि त्यात कोणताही प्रसंग नाही. विषय असा हवा की त्यात एक जागा असेल, एक वेळ असेल आणि कुणीतरी काहीतरी खटपट करत असेल. ‘गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) नसताना ग्रामसभेने पाण्याचा ठराव कसा मंजूर केला’ हा विषय आहे.

इथे अभ्यास लागतो. महाराष्ट्रात ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. दुसरा तपशील जल जीवन मिशनचा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत ग्रामीण घरात नळाने दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी पोहोचवायचं आहे. हे दोन तपशील शेजारी ठेवले आणि आमची श्रुतिका त्यातूनच उभी राहिली. शंभर माणसांशिवाय सभा नाही, पण सभा मोडली की तीन माणसंही पुरतात. आणि त्या तिघांनी हात वर केला की कागदावर अख्ख्या गावाला ५५ लिटर पाणी मिळतं.

नियम वाचल्याशिवाय हे कल्पनेतून सुचलं नसतं. म्हणून लिहायला बसण्याआधी एक फाईल करा. अधिनियमातलं कलम, शासन निर्णयाची प्रत, वर्तमानपत्रांची कात्रणं त्यात ठेवा. एखादा आकडा हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. श्रुतिकेतल्या प्रत्येक दाव्यापुढे फाईलमधल्या कागदाचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे कुणी बोट दाखवलं तर हाच कागद कामी येतो, आणि लिहितानाही त्याचा उपयोग होतो: हातात पुरावा असला की वाक्य आरडाओरडा करत नाही.

नेम कुठे धरायचा

जात, धर्म, शरीराची ठेवण, तोतरेपण, विधवापण, शिक्षण नसणं यांवर हसवायचं नाही. बोलीवरही नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण मराठी विनोदात गावाकडचा माणूस उभा केला की त्याची बोली हाच विनोद मानायची जुनी खोड आहे. कानाने ऐकायच्या माध्यमात ती जास्तच घातक ठरते, कारण ऐकणाऱ्याकडे पात्राचा आवाज सोडून दुसरं काहीच नसतं. आमच्या श्रुतिकेत बोली बोलणारी सुमनकाकू सगळ्यांत शहाणी आहे. विनोद आहे तो कार्यालयीन मराठीचा: ‘सदर बाबीसंदर्भात उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ या वाक्यात काम करणारा माणूसच नाही. कुणी, कधी, काय केलं हे विचारायला जागाच उरत नाही. हा नेम बरोबर आहे, कारण ही भाषा सत्तेने स्वतःच्या बचावासाठी घडवली आहे.

एक साधी कसोटी लावा. विनोद झाल्यावर कोण लहान दिसतं? ज्याच्या हातात शिक्का आहे तो, की जो रांगेत उभा आहे तो? दुसरा लहान दिसत असेल तर तो विनोद काढून टाका, मग वाचनाला सगळा गट कितीही हसलेला असो.

आवाज मोजून पात्रं घ्या

पंधरा मिनिटांत चार, फार तर पाच आवाज. यापेक्षा जास्त झाले की कोण बोलतंय हे कळेनासं होतं. ‘तहकूब’मध्ये चौघं आहेत. सरपंच, संथ आणि गोड बोलणारा. ग्रामसेवक भाऊसाहेब, कोरड्या भरभर आवाजाचे, वाक्य वाचून दाखवल्यासारखं बोलणारे. ग्रामपंचायतीचा शिपाई दगडू, चाळिशीचा, सतत धापा टाकणारा. आणि सुमनकाकू, खणखणीत आवाजाची.

कसोटी अशी: चौघांना प्रत्येकी चार वाक्यं वाचायला लावा आणि डोळे मिटून ऐका. दोन आवाजांत गल्लत होत असेल तर पात्र बदला किंवा कलाकार. नुसता पट्टीतला फरक पुरत नाही, वेगातला फरक लागतो. पात्रांनी एकमेकांना हाक मारायलाही हवी, पण प्रसंगात दोनदा-तीनदाच. दर वाक्याला ‘अहो सरपंच’ आलं की कान विटतात.

सोंगाड्याची जागा कुणाला द्यायची याचा विचार जरूर करा. तमाशाच्या वगात राजा आणि प्रधान असतात, आणि त्यांच्या चाकरीतला सोंगाड्या त्यांचेच हुकूम पाळता पाळता त्यांचं पितळ उघडं पाडतो. तो बंडखोर नसतो. तो हुकूम अगदी प्रामाणिकपणे पाळतो, म्हणून हुकमातला वेडेपणा दिसतो. आमचा दगडू हा त्याच घराण्यातला.

शब्द एक, आवाज दुसरा

इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा. संवाद लिहिण्याआधी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय बोललं जातंय’, उजवीकडे ‘काय ऐकू येतंय’. आधी उजवी बाजू भरा. गावातल्या कारभाराचे किती आवाज आहेत पाहा: नारळ फुटणं, फीत कापली जाणं, ‘हॅलो, माईक टेस्टिंग’, भोंग्याची शिट्टी, फटाक्यांची माळ, वाऱ्यावर फडफडणारा फ्लेक्स, रबरी शिक्का, टँकरचा हॉर्न, हंड्यांची आदळआपट. यातला प्रत्येक आवाज कोणत्या वाक्याला खोटं ठरवू शकतो याचा विचार करा.

‘तहकूब’मधला मधला प्रसंग असा आहे:

(रिकाम्या सभागृहाचा घुमारा. पंख्याची कटकट.)

भाऊसाहेब: अनुक्रमांक सदतीस. कदम, विठ्ठल रामा.

दगडू: (जाड आवाज काढून) हजर!

भाऊसाहेब: अडतीस. कदम, सोनाबाई विठ्ठल.

दगडू: (बारीक आवाजात) हाय जी!

भाऊसाहेब: एकोणचाळीस. कदम, गणपत भिवा.

(नुसती पंख्याची कटकट.)

भाऊसाहेब: कदम, गणपत भिवा?

दगडू: (स्वतःच्या आवाजात) भाऊसाहेब, गणपततात्या गेले की दिवाळीत.

भाऊसाहेब: यादीत आहेत ना?

दगडू: यादीत हायेत.

भाऊसाहेब: मग?

दगडू: (थांबून, म्हाताऱ्या थरथरत्या आवाजात) …हजर.

हा प्रसंग रंगमंचावर केला तर पहिल्या दोन हाकांतच गंमत उघडी पडते, कारण प्रेक्षकाला एकटा दगडू दिसतो. श्रुतिकेत पहिले दोन-तीन ‘हजर’ ऐकणाऱ्याला खरे वाटतात. संशय येतो तो घुमाऱ्यामुळे. भरलेल्या सभागृहात आवाज असा घुमत नाही. मग गणपततात्याच्या नावाला दगडूचा स्वतःचा आवाज फुटतो आणि सभागृह रिकामं असल्याचं कळतं. हे ‘कळणं’ ऐकणाऱ्याच्या मनात घडतं. म्हणून ‘अरेरे, सभेला कुणीच नाही’ असं वाक्य चुकूनही लिहू नका.

पुढे त्रेसष्टाव्या नावाला दगडूचा घसा बसतो. तेव्हा सरपंच शांतपणे म्हणतो, ‘भाऊसाहेब, तहकूब करा. तहकूब सभेला माणसं लागतच नाहीत.’ आणि दगडू घोगऱ्या आवाजात विचारतो, ‘मग माझा घसा का फोडलात?’ श्रुतिकेतला सगळ्यांत मोठा हशा इथे येतो, आणि तो आमच्या कल्पनेतून आलेला नाही, नियमातून आला आहे. लबाडीसाठी केलेली सगळी मेहनत वाया गेली, कारण कायद्याने आधीच रस्ता मोकळा ठेवला होता. उपहासाचा कळस गाठायचा तर तो अशा खऱ्या तपशिलावर गाठावा. ऐकणारा हसतो आणि लगेच शेजाऱ्याला विचारतो, ‘असं खरंच आहे का?’

तहकूब सभा सुरू होते. भाऊसाहेब ठराव वाचू लागतात: ‘गावातील सर्व कुटुंबांना दररोज दरडोई पंचावन्न लिटर…’ तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजतो. धावती पावलं, हंडे, शंभरेक बायका-पोरांचा गलका. गणपूर्ती कुठे होती ते आता ऐकू येतं. सरपंच म्हणतो, ‘दगडू, खिडकी लाव. ठराव नीट ऐकू येईना.’ खिडकी बंद होते, गलका दबतो आणि ठराव एकमताने मंजूर होतो.

खिडकी बंद होण्याचा हा एक आवाज मला साऱ्या संहितेत मोलाचा वाटतो. गाव बाहेर आहे, सभा आत आहे आणि मधे एक फळी आहे. ते कुणी सांगत नाही, फक्त ऐकू येतं. ‘इटमा’मध्ये दाराचा आवाज असाच प्रसिद्ध झाला होता. पात्रं दार उघडून यायची आणि दार आपटून जायची, प्रवेशाची दुसरी घोषणा लागत नसे. तुमच्या श्रुतिकेतही असा एखादा आवाज निवडा, तो तीनदा वापरा आणि तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ बदलू द्या. आमच्याकडे खिडकी पहिल्यांदा उकाड्यासाठी उघडते, दुसऱ्यांदा ठरावासाठी बंद होते आणि तिसऱ्यांदा सुमनकाकू ती बाहेरून ढकलते.

लांबी आणि घडण

संवादात मराठी बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. पंधरा मिनिटांपैकी तीनेक मिनिटं आवाजांना आणि शांततेला सोडली तर संहिता १४००-१५०० शब्दांची होते. पहिल्या वीस सेकंदांत जागा कळली पाहिजे आणि पहिल्या मिनिटात गोम. निवेदक शक्यतो नकोच. निवेदक आला की तो उपहास समजावून सांगू लागतो.

शेवटी भाषण नको. आमच्या शेवटात काकू विचारते, ‘सभा चालू हाय का?’ भाऊसाहेब म्हणतात, ‘संपली.’ काकू म्हणते, ‘मग माझी तहकूब समजा. मला माणसं लागत न्हाईत. लिवा, अनुक्रमांक एक.’ आणि रजिस्टर ओढल्याचा आवाज. तिने सरकारला शिव्या दिल्या नाहीत. त्यांचाच नियम त्यांच्यापुढे ठेवला.

संहिता कागदावर कशी मांडायची

ध्वनिसंकेत वेगळ्या ओळीत, कंसात, ‘ध्व १, ध्व २’ असे क्रमांक देऊन लिहा. प्रत्येक संवादाला ओळ क्रमांक द्या, म्हणजे पुन्हा घेताना ‘ओळ ४६ पासून’ एवढं म्हणून भागतं. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या टायपात छापा. पानं टाचू नका. सुटी पानं वाचून झाली की आवाज न करता बाजूला सरकवता येतात. वाक्य पान उलटताना तुटणार नाही असं पाहा. मोबाईलवरून वाचणार असाल तर तो विमान मोडवर टाका. घंटी बंद असली तरी सिग्नलची घरघर माईकमध्ये शिरते.

तालीम

निदान दोन वाचनं पूर्ण बसून करा, तिसरं उभं राहून. पहिल्या वाचनात कुणालाही विनोदी आवाज काढू देऊ नका. सरपंच स्वतःला भला माणूस समजतो, भाऊसाहेब स्वतःला नियमाने चालणारा समजतात. कलाकाराने पात्राची बाजू मनापासून घेतली तरच उपहास धारदार होतो. ‘मी खोटं बोलतोय’ असं सुरातून दाखवणारा सरपंच ऐकणाऱ्याचं काम हिरावून घेतो. गावच्या बोलीत लिहिलं असेल तर त्याच भागातल्या कुणाकडून वाचून घ्या. साताऱ्याची बोली, वऱ्हाडी आणि मालवणी यांची सरमिसळ रेडिओवर लगेच उघडी पडते.

ध्वनिमुद्रण

स्टुडिओ नसेल तर घरातली लहान खोली घ्या, भिंतींना गोधड्या किंवा जाड चादरी लावा, पंखा आणि फ्रिज बंद करा. श्रुतिकेत पंख्याची कटकट हवी असली तरी ती वेगळी मुद्रित करा. संवादात मिसळलेला पंखा नंतर काढता येत नाही. तोंड आणि माईक यांत एक वीत अंतर, आणि माईक तोंडाच्या समोर न धरता थोडा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर बसत नाही. आवाजाची सर्वोच्च पातळी वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. फाईल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या.

पात्र लांब आहे हे दाखवायचं तर कलाकाराला प्रत्यक्ष मागे जाऊन, तोंड वळवून बोलू द्या. संकलनात आवाज नुसता बारीक केला तर माणूस लांब गेल्यासारखा वाटत नाही, पुटपुटल्यासारखा वाटतो. सभागृहाचा प्रसंग जमल्यास खऱ्याच रिकाम्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात मुद्रित करा. तो घुमारा म्हणजे आमच्या श्रुतिकेतलं पाचवं पात्र आहे, संगणकावरच्या कृत्रिम घुमाऱ्याला ती सर येत नाही. प्रत्येक जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ठेवा. संकलनात दोन तुकडे जोडताना मधल्या फटीत तीच भरायची असते.

टँकरचा गलका मात्र खरा हवा. शक्य असेल तर टँकर येतो त्या वाडीवर जा, तिथल्या लोकांना काय करतो आहोत ते सांगा आणि त्यांच्या परवानगीने मुद्रित करा. पाच जणांनी स्टुडिओत केलेला गोंगाट शंभर माणसांचा वाटत नाही, आणि हंडा रिकामा असतानाचा व भरत आल्यावरचा आवाज कुणाला नुसत्या कल्पनेने काढता येत नाही.

संकलन

ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्रम असा ठेवा: आधी फक्त संवाद जोडा आणि ऐका, मग ध्वनिसंकेत, संगीत सर्वांत शेवटी, आणि कमीत कमी. विनोदी वाक्यानंतर ‘टुंई’ असा आवाज टाकायचा मोह होतो. तो टाळाच. त्याने ऐकणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. हशाचा साठवलेला आवाजही नको. चाल हवी असेल तर भारुड, गोंधळ, पोवाडा यांच्या पारंपरिक चाली घ्या आणि त्या स्वतः गाऊन मुद्रित करा. कुणाचं ध्वनिमुद्रित गाणं उचलू नका, त्यावर हक्क असतो.

पॉडकास्टसाठी एकूण पातळी स्टिरिओत वजा १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणि मोनोत वजा १९च्या आसपास ठेवण्याचा रिवाज आहे. शेवटची तपासणी हेडफोनवर करू नका. साध्या मोबाईलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ऐका. खिडकी बंद झाल्याचं तेव्हा कळलं नाही तर तो आवाज वाढवा.

कायद्याची चाळणी

भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत आणि लोकहितासाठी सांगितलेलं सत्य यांना तिथे अपवाद आहेत, पण ते अपवाद सिद्ध करायची वेळ आली तर तुमची फाईलच उपयोगी पडते. समाजासमाजांत वैर वाढवणारा मजकूर कलम १९६ खाली येतो, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं कलम २९९ खाली. निवडणुकीच्या काळात वेळापत्रक पाहा: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर दाखवण्या-ऐकवण्यावर बंधन आहे. त्या दोन दिवसांत नवीन भाग टाकू नका.

खऱ्या नेत्याचा आवाज संगणकावर तयार करून वापरू नका, गंमत म्हणूनही नाही. एकदा तो तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की उपहास उरत नाही, अफवा उरते. गावाचं, माणसांचं नाव काल्पनिक असल्याची खात्री करून घ्या. महाराष्ट्रात त्या नावाची वाडी खरोखर निघते का ते शोधून पाहा. आणि शंका असेल तर संहिता वकिलाला ध्वनिमुद्रणाआधी दाखवा, नंतर नाही.

ऐकवण्याआधी ऐकवा

प्रसारित करण्यापूर्वी श्रुतिका तीन प्रकारच्या माणसांना ऐकवा: ज्यांच्या आयुष्यावर ती आहे त्यांना, त्या यंत्रणेत काम करणाऱ्या एखाद्याला, आणि विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला. पाणी भरणाऱ्या बायका कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात हे टिपून घ्या. ग्रामसेवक राहिलेला माणूस ‘असं होत नाही’ म्हणाला तर तो तपशील पुन्हा तपासा. ‘असं होतं, पण बाहेर बोलत नाहीत’ म्हणाला तर हात लावू नका.

श्रुतिकेसोबत द्यायच्या वर्णनात दोन ओळी जोडा: ग्रामसभा कधी असते आणि गणपूर्तीचा नियम काय आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. श्रुतिका त्याच्या आठवडाभर आधी प्रसारित करा. पारावर, बचत गटाच्या बैठकीत, शाळेत लहानशा स्पीकरवर लावा आणि संपल्यावर लगेच बोलू नका. पहिला प्रश्न ऐकणाऱ्यांकडून येऊ द्या.